बारा सेकंदांची गाडी

ताप मोजताना मी एक डिग्री कमी सांगत असे. एकशे तीन असला तर दोन, एकशे दोन असला तर एक. औषध खऱ्या आकड्याप्रमाणेच द्यायचो, केसपेपरवरही खराच आकडा लिहायचो, तोंडाने मात्र एक कमी. खाटेजवळ उभ्या असलेल्या आईचा चेहरा तेवढ्याने सैल पडायचा आणि आपण काहीतरी केलं असं मला वाटायचं. गावाला हे कळायला फार वेळ लागला नाही. "कंपोटरनं सांगितला त्यात एक मिळवा अन् मंग घाबरा," असं लोक पारावर बसून म्हणत आणि हसत. मलाही त्यात काही वाईट वाटत नसे. लोकांनी आपल्यावर हसावं इतकी तरी ओळख झाली, एवढंच मी धरून चाललो होतो.

मी सातारा जिल्ह्यातला. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि कंपाउंडरच्या नोकरीचं पत्र आलं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या, सोनाळ्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावचं. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले पाच दिवस दवाखाना म्हणजे मी, बाटल्यांचं कपाट आणि आयोडीनचा वास. मागच्या खोलीत माझा स्टोव्ह आणि खाट. गावाने मला त्रास दिला असं म्हणणार नाही, उलट मान दिला. कुणाच्या ओसरीवर गेलो की आतून खुर्ची यायची, चहा यायचा, आणि मी उठून जाईपर्यंत कुणी मोकळं बोलायचं नाही. सात महिने मी रोज संध्याकाळी खिचडी खाल्ली आणि एकाही माणसाशी भांडलो नाही. भांडावं इतकं जवळचं कुणी नव्हतंच.

मला माणसांत नेलं ते माझ्या घड्याळाने. नाडी मोजायला लागतं म्हणून मी पहिल्या पगारातून सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ घेतलं होतं. गावात घड्याळं तीन-चार होती, पण सेकंदकाटा कुणाकडे नव्हता. मार्गशीर्षातल्या एका सकाळी एक उंच, काळा गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. नाल्याकाठी त्याचा भाजीचा मळा होता, वांगी आणि मिरची करायचा. गाव त्याला भाऊ म्हणायचं. त्याने नाडी दाखवली नाही, जीभही दाखवली नाही, सरळ मनगटाकडे बोट केलं.

"कंपोटर, यंदा शंकरपट घड्याळावर हाय. जोडी दुसऱ्या जोडीसंग नाई पळणार, काट्यासंग पळन. जोडी आमच्यापाशी हाय, छकडी हाय. काटा तेवढा तुमच्यापाशी हाय."

शंकरपट मी ऐकून होतो, पाहिला नव्हता. मातीची सरळ पट्टी असते, तिला दाण म्हणतात. दोन बैल, त्यांच्या मागे नावापुरती गाडी म्हणजे छकडी, तिच्यावर एक माणूस, धुरकरी. या टोकाहून त्या टोकाला एका दमात जायचं, वळायचं नाही, थांबायचं नाही. इतकी वर्षं दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवर सोडत आणि पुढे जाईल ती जिंकली, असा सरळ हिशेब होता. भांडणं फार व्हायची म्हणून शेगावच्या वाटेवरच्या एका गावाने यंदा हायस्कूलच्या कसरतीच्या मास्तरांकडून थांबतं घड्याळ आणायचं ठरवलं होतं. एकेक जोडी पळवायची आणि सेकंद मोजायचे. किती सेकंद म्हणजे चांगले, हे मात्र सबंध पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी कधी मोजलेच नव्हते.

भाऊचे बैल पटाचे नव्हते. ढवळा आणि बांडा अशी ती जोडी सहा दिवस मळ्यातली मोट ओढायची आणि सातव्या दिवशी पळायची. धुरकरी होता भाऊचा धाकटा भाऊ, माझ्याच वयाचा, अंगाने काडी आणि तोंडाने फाटका. आणि छकडी होती चाचांची.

चाचा गावचे सुतार, साठीच्या घरातले. त्यांच्याबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन पडलं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी केलेल्या एका छकडीचं चाक याच पटात, भर दाणीवर, माणसांदेखत निखळलं होतं. तेव्हापासून नांगर, पाळणे, चौकटी त्यांच्याकडे येत, पण पटाची छकडी कुणी सांगितली नव्हती. ती लोक अकोटकडून करवून आणत. भाऊने यंदा हट्टाने चाचांनाच सांगितली. चाचांनी उन्हाळाभर खपून ती केली. लोखंडी आख जड होतो म्हणून दोन चाकांमधला दांडा तिवसाच्या लाकडाचा काढला, आणि तो सरळ आहे का हे पाहायला एक डोळा मिटून त्यांनी तो इतक्या वेळा नजरेसमोर धरला, की त्यांची म्हातारी म्हणायची, निकाहाच्या आधी मलाही इतकं पाहिलं नव्हतं. ही छकडी पटात चांगली गेली तर चाचा पुन्हा छकडीवाले होणार होते. नाही गेली, तर नाही.

नाल्याकाठच्या पडीक पट्टीवर आमचा सराव सुरू झाला. भाऊने पटाच्या गावी जाऊन तिथल्या दाणीची लांबी दोरीने मापून आणली होती, तीच दोरी टाकून इथे खुणा केल्या. त्या टोकाला भाऊ लाल रुमाल घेऊन उभा राहायचा. या टोकाला बाभळीखाली मी घड्याळ घेऊन, आणि माझ्या शेजारी चाचा, चाकाचा आवाज ऐकायला. रुमाल खाली आला की मी काट्याकडे पाहायचं, जोडी बाभूळ ओलांडून गेली की पुन्हा पाहायचं.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "बारा."

बारा चांगले की वाईट कुणालाच माहीत नव्हतं. पण आकडा ऐकून सगळे असे हसले, जणू बारा हाच सगळ्यांच्या मनात होता. धुरकरी घामाने निथळत आला आणि माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "बारा? खरंच सांगून राह्यला काय बे कंपोटर?" सात महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणीतरी बे म्हटलं. चाचांनी पिशवीतून पटाशी काढली आणि छकडीच्या धुरीवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, एक बारीक खाच पाडली. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चांगल्या फेरीची एक खाच ठेवायची, अशी त्यांची रीत.

त्या दिवशी मळ्यात रोडगे झाले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. भाऊच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला खुर्ची दिली नाही. खाली बसवलं, पंगतीत, ढवळ्यापासून पाच हातांवर. सगळे एकदम बोलत होते आणि माझ्यासाठी कुणी थांबत नव्हतं. तो रोडगा मी अजून विसरलेलो नाही.

चूक मला तिसऱ्या आठवड्यात कळली. दवाखान्यात कुणी नव्हतं, सहज म्हणून मी खिडकीतून रस्त्यावरच्या एका माणसाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि लक्षात आलं की नजर लांबून जवळ यायला, इवल्या तबकडीतला तो काडीएवढा काटा सापडायला, बराच वेळ जातो. रुमाल पडल्यावर मी काटा पाहायचो, तोवर तो दोन घरं पुढे गेलेला असायचा. शेवटी जोडी अगदी समोरून जायची, नजर जवळच असायची, म्हणून तिथे तेवढा उशीर होत नसे. पुढच्या फेरीला मी घड्याळ मनगटावरून काढून डोळ्यांसमोर धरलं, रुमाल आणि काटा एकाच वेळी दिसतील असं. जोडी आली, बाभूळ ओलांडली. चौदा सेकंद झाले होते.

चाचा माझ्याकडे पाहत होते. धुरकरी छकडीवरून उतरून येत होता, भाऊ त्या टोकाहून धावत येत होता. मला सगळं समजावून सांगता आलं असतं. माझी मोजण्यात चूक झाली, आधीचे बाराही चौदाच होते, बैल तेच आहेत, छकडी तीच आहे. एका वाक्याचं काम. पण आकडा वाईट आला की ही माणसं कशी होतात हे मी एकदा पाहिलं होतं. बांडा बिचकून आडवा गेला त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नव्हतं, जो तो आपापल्या घरी गेला होता आणि मी माझ्या स्टोव्हकडे.

"बारा," मी म्हणालो.

चाचांनी खाच पाडली. ताप एक डिग्री कमी सांगणाऱ्या माणसाला दोन सेकंद काय जड? पटाला निघेपर्यंत धुरीवर अशा अकरा खाचा झाल्या होत्या, आणि तेवढ्या वेळा मी त्या मळ्यात जेवलो होतो.

माघात आम्ही निघालो. छकडी झिजू नये म्हणून ती उचलून दुसऱ्या मोठ्या गाडीवर ठेवली होती, ढवळा-बांडा मागे बांधलेले, आणि गाडीवरच्या त्या गाडीत पाय सोडून मी बसलेलो. वाटेत जो भेटेल त्याला धुरकरी ओरडून सांगायचा, "बारा सेकंदायची गाडी हाय." मी नुसतं हसायचो. पटात माझं पितळ उघडं पडणार हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माणूस कसा असतो, तिथलं घड्याळच कदाचित वेगळं निघेल, त्या दिवशी बैलच कदाचित जास्त पळतील, असले विचार करत मी चाललो होतो. खरं म्हणजे मी विचार करतच नव्हतो. चार माणसांत बसून शेंगा खात होतो.

पटाच्या दिवशी सकाळी ज्याला हवी त्याला एक सरावाची फेरी देत होते. पट्टीच्या जोडीवाल्यांनी ती घेतलीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कळत होतं. आम्ही हौशी, आम्हाला आपले बारा मोठ्या घड्याळावर पाहायचे होते. जोडी सुटली. मला तर रोजच्यापेक्षा सरस वाटली. शेवटाकडे बांधलेल्या मचाणावरून भोंग्यातून आवाज आला.

"चौदा."

भाऊने मचाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या घड्याळातही चौदाच होते.

"तुमचं काय म्हनते?"

"चौदा," मी म्हणालो. आता दुसरं काय सांगणार होतो?

"मंग घड्याळ बरोबर हाय," भाऊ म्हणाला. "दोन्ही घड्याळं खोटी नसन. गाडीत काही तरी हाय."

माझ्यावर कुणाचा संशय गेला नाही. तापाबद्दल मला हसणाऱ्या त्या माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, की हा इथेही कमी सांगत असेल. आजाऱ्याचं मन राखणं वेगळं आणि पटाचा काटा वेगळा, असं ते धरून चालले होते. आमची पाळी दुपारी होती. मधे चार तास होते आणि दोन सेकंद शोधायचे होते.

भाऊने आधी दोरी काढली. तीच दोरी, जिने घरची दाण मापली होती. धुरकऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही सबंध दाण पुन्हा मापली. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, हात-दोन हात तरी फरक निघू दे. एक वीतही निघाला नाही.

मग वंगण. छकडी आडवी केली, चाकं काढली, जुनं वंगण चिंधीने पुसून काढलं आणि एरंडेलात काजळी कालवून नवं भरलं. चाक हाताने फिरवून पाहिलं तर ते आपलं फिरतच राहिलं. मग जू. भाऊने बैलांच्या मानेखालची जोती सैल केली, पुन्हा बांधली. मग बैल. "मोटेचा बैल हाय, धावेच्या टोकाले थांबाची सवय," असं कुणीतरी बघ्यांतून म्हणालं. "मंग घरी काऊन नाई थांबला?" धुरकरी त्याच्या अंगावर गेला. भाऊने मला बांड्याची नाडी पाहायला लावली. माणसांचा घोळका जमला. शेपटीखाली बोटं धरून, घड्याळ समोर धरून मी त्या जनावराचे ठोके मोजले आणि बैल ठणठणीत आहे असं सांगितलं. हे तरी खरं होतं.

"घोडं पेंड खाते कुठं मंग?" भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला.

मी तिथेच होतो, त्याच्यापासून दोन हातांवर. दर वेळी एकेक गोष्ट निर्दोष निघाली की मी तोंड उघडायचो आणि दर वेळी ते आधीपेक्षा अवघड झालेलं असायचं. दोरीच्या वेळी सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या. वंगणाच्या वेळी सांगितलं असतं तर मार बसला असता. आता माणसं घामाघूम झालेली, बघ्यांपुढे हसं झालेलं, आता काय बसेल कोण जाणे. धुरकऱ्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, मी पाणी प्यालो. त्या मैदानात हजार-दोन हजार माणसं असतील. इतका एकटा मी दवाखान्यामागच्या खोलीतही कधी नव्हतो.

एवढा वेळ चाचा उकिडवे बसून उघड्या पडलेल्या आखाकडे पाहत होते. मग त्यांनी एक डोळा मिटला आणि मान खाली घालून दांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पाहिलं. उठले, दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच पाहिलं. पुन्हा पहिल्या बाजूला आले.

"इथं केसभर जास्त हाय," ते म्हणाले. "उजव्या अंगाले. बनवतानी मले दिसलं नाही. आता दिसून राह्यलं."

"चाचा, घरी बारा देत होती ना ही," भाऊ म्हणाला.

"घरची माती नरम. इथली कडक, इथं चूक उघडी पडते." चाचा हसले. "उमर झाली. नजर गेली माझी, दुसरं काई नाही."

त्यांनी पिशवीतून वाकस काढलं. लाकूड तासायचं ते अवजार त्यांच्या हातात मी रोज पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते धरताना त्यांचा अंगठा दोनदा सरकला. आख एकदा तासला की तासला, लाकूड परत चिकटवता येत नाही, एवढं मला सातारकरालाही कळत होतं.

"चाचा," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. धुरकऱ्याने, भाऊने, घोळक्यातल्या चाळीस-पन्नास लोकांनी.

"जरा बेताने," मी म्हणालो.

"हाव," चाचा म्हणाले, आणि त्यांनी वाकस चालवलं. पातळ, पांढऱ्या तीन-चार ढलप्या निघून मातीत पडल्या. एक माझ्या चपलेवर पडली.

दुपारी आमची पाळी आली. जोडी सुटली तेव्हाच चाचांनी मान फिरवली, कारण त्यांना ऐकू आलं. उजवं चाक तासलेल्या टोकावर सैल बसलं होतं आणि फिरताना डुलत होतं. बैलांनी जीव काढून ओढलं. धुरकरी पुढे वाकून बैलांच्या पाठीला चिकटला होता. भोंग्यातून आवाज आला, "सोळा."

मग पट्टीच्या जोड्या सुटल्या. अकोटकडच्या, जळगावकडच्या, रंगवलेल्या शिंगांच्या, पटाशिवाय दुसरं काम न करणाऱ्या. मी दाणीच्या कडेला बसून एकेक आकडा ऐकत होतो. पंधरा. साडेपंधरा. पंधरा. ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटची जोडी पळाली आणि मचाणावरून पहिल्या नंबराचा पुकारा झाला. साडेचौदा.

साडेचौदा. सकाळी आमची छकडी चौदात गेली होती. त्या मैदानावर त्या दिवशी तिच्याहून वेगाची दुसरी गाडी नव्हती. साठीतल्या एका सुताराने उन्हाळाभर एक डोळा मिटून केलेला तो आख जसा होता तसा ठेवला असता, तर मोटेच्या बैलांनी पट मारला असता. आम्ही ती गाडी दुरुस्त करून हरवली होती. कारण ती बारा सेकंदांची आहे असं मी सांगितलं होतं.

भाऊ म्हणाला, "सकाळच्यासारखी गेली असती तरी झालं असतं." एवढंच म्हणाला. चाचांना त्याने बोल लावला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. परतीच्या वाटेवर चाचा मोठ्या गाडीत पाठमोरे बसून होते. त्यांच्या हाताशीच छकडीची धुरी होती, अकरा खाचांची, पण त्यांनी तिला हात लावला नाही.

पुढे मळ्यात जाणं आपोआप थांबलं. कुणी तोडलं नाही. पट संपला, घड्याळाचं काम संपलं. वहिनी रस्त्यात भेटल्या की विचारपूस करायच्या, धुरकरी लांबूनच हात करायचा. मी पुन्हा खिचडी शिजवू लागलो. चाचांनी त्यानंतर छकडी काय, साध्या गाडीचं चाकही हातात घेतलं नाही. कुणी काम घेऊन आलं की म्हणत, नजर गेली बापा, दुसरा पाहा. पाळणे आणि पाट तेवढे करायचे.

चैत्रात चाचांना हिवताप आला. त्यांची म्हातारी बोलवायला आली, मी गेलो. भर दुपार होती, ते घोंगडी पांघरून कुडकुडत होते. कोपऱ्यात अवजारांची पिशवी खुंटीला टांगलेली होती. मी थर्मामीटर लावला, काढला, उजेडाकडे धरून वाचला.

"किती हाय साहेब?"

"एकशे दोन," मी म्हणालो. त्या दिवशी मी ठरवूनच गेलो होतो, सगळं खरं सांगायचं.

चाचा दात वाजत असतानाही हसले. "म्हंजे तीन हाय."

मी गोळ्या काढल्या, पाण्याबरोबर दिल्या आणि खाटेशेजारी खालीच बसलो. म्हातारी चुलीकडे गेली होती. मग मी सांगून टाकलं. रुमाल, काटा, बाभूळ, सगळं. पहिले बारा चुकून सांगितले आणि नंतरचे जाणूनबुजून. "चाचा, तुमचा आख सरळ होता. त्यात काहीच खोट नव्हती. गाडी पहिल्यापासून चौदाचीच होती, आणि चौदात पट तुमचा होता. खोट माझ्यात होती." हे सांगितलं की ते मला मारतील, हाकलतील, नाहीतर रडतील, असं मला वाटलं होतं. कशाचीही माझी तयारी होती.

चाचांनी घोंगडीतून हात काढून माझ्या हातावर ठेवला. हात तापलेला होता.

"भल्या दिलाचे हा तुम्ही," ते म्हणाले. "मन राखून राह्यले माझं. मले समजते."

"मन राखत नाही चाचा. खरंच सांगतोय."

"अकरा खाचा हायत धुरीवर. माझ्या हातानं पाडल्या. त्या काय खोट्या?" ते सावकाश बोलत होते, एखाद्या आजाऱ्याला समजवावं तसं, आणि आजारी मी होतो. "अन् मी पाह्यलं ना सोता. केसभर जास्त होतं उजव्या अंगाले. ढलपी निघाली तवा जाड निघाली. लाकूड खोटं बोलत नाही साहेब, घड्याळ बी नाही बोलत. मानूस बोलते, समोरच्याले बरं वाटावं म्हनून. तुम्ही तापाचं बी असंच सांगता, सारा गाव जानते."

मी आणखी काही बोललो असेन. ते मान हलवत राहिले. म्हातारीने चहा आणून ठेवला. मी तो प्यालो, कारण नाही म्हणणं त्या घरात बरं दिसलं नसतं. निघताना सवयीने त्यांची नाडी धरली आणि घड्याळ डोळ्यांसमोर नेलं, नाल्याकाठी उशिरा शिकलो होतो तसं. मिनिटभर ठोके मोजले, एकही न चुकवता.

"किती?" चाचांनी विचारलं.

मी होता तोच आकडा सांगितला. चाचांनी हसून डोळे मिटले, आणि मनातल्या मनात त्यांनी त्यात किती मिळवले ते मला कळलं नाही.